कॉर्क बार्क पाइनची साल पडतेय? आधी तार काढा

ताई, तुमचा सांगलीतल्या गच्चीवरचा कॉर्क बार्क ब्लॅक पाइनचा बोन्साय, आकार द्यायला खोडाला तार गुंडाळली तशी सालीचे तुकडे पडायला लागले आणि आता पावसात सुयाही पिवळ्या होतायत, असं लिहिलंय तुम्ही. दोन्हीची कारणं वेगळी आहेत पण आधी तार. आजच काढा, आणि उलगडत बसू नका, वायर कटरने एकेक वेढा तोडून काढा, कारण उलगडताना अजून साल जाते.

या झाडाचं सगळं मोल सालीत आहे. जपानीत याला निशिकी म्हणतात, निशिकी म्हणजे किनखाप. झाड साध्या ब्लॅक पाइनच्याच जातीतलं, फक्त साल बुचासारखी फुगत जाते आणि पंखासारख्या कडा बाहेर येतात. ती साल मेलेली, कोरडी असते, आतून फार घट्ट धरलेली नसते. मी साताऱ्यात अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहतो, माझ्या पहिल्या झाडाची कुंडी बदलताना बाकीच्या झाडांसारखंच खोडाला धरून उचललं आणि वीतभर सालीचा तुकडा हातातच आला, खाली नुसतं गुळगुळीत तांबूस खोड. फार वाईट वाटलं होतं. आज दहा वर्षं होत आली, तिथे अजून बोटभरही जाडी आलेली नाही, ती बाजू मी कायमची मागे केली. तेव्हापासून झाड हलवायचं तर कुंडीला धरूनच.

पडलेले तुकडे टाकून दिले नसतील तर वाळवा आणि होते तिथेच फेविक्विकच्या एखाद्या थेंबाने बसवा. मेलेल्या सालीवरच हां, ओल्या जिवंत भागाला गोंद लागू देऊ नका.

मग आकार कसा द्यायचा? खोड वाकवायचा विचार सोडून द्या, साल जाड दिसते म्हणून खोड जाड वाटतं, आतलं लाकूड बरंच बारीक असतं. जाड फांदी खाली आणायची असेल तर तिच्यावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा ठेवून त्यावरून तार घ्या आणि कुंडीला बांधून दर पंधरा दिवसांनी थोडा थोडा ताण द्या. गुंडाळायची तार फक्त गुळगुळीत कोवळ्या फांद्यांना, बाकी सगळं कात्रीने. आणि हे झाड बहुतेक वेळा साध्या ब्लॅक पाइनवर कलम केलेलं असतं, तर कलमाच्या खालून फुटवा आला की लगेच काढा, तो जोरात वाढतो आणि वरच्या भागाचं खाणं ओढून घेतो.

आता सुया. पिवळ्या झालेल्या फक्त आतल्या, जुन्या असतील तर काळजी नको, साधारण दोन वर्षांनी त्या गळतातच. पण या वर्षीच्या नव्या सुया पिवळ्या असतील तर मुळांना हवा मिळत नाहीये. नर्सरीतल्या मातीत बहुतेक कोकोपीट आणि काळी माती असते, पावसात ती आठवडा आठवडा ओली राहते. पण भर पावसात कुंडी बदलू नका, मुळं अजून दुखावतील. कुंडी एका बाजूने विटेवर टेकवून तिरकी करा म्हणजे पाणी निघेल आणि वर पारदर्शक प्लास्टिक ताणा, ऊन येऊ दे. मातीत बांबूची काडी खोचून ठेवा, ती आतून ओली निघाली तर त्या दिवशी पाणी नाही. पाणी मातीलाच, खोडावर नको, साल पाणी धरते आणि मग कुजते.

कुंडी बदलायची ती जानेवारीच्या शेवटी, कॅन्डल, म्हणजे शेंड्याचे नवे कोंब, हलायच्या आधी. मी चाळून धुतलेला मुरूम, विटांचे तुकडे आणि थोडा कोळसा घेतो, दाणा 3 ते 6 मिमी, शेणखत अजिबात नाही. मुळांवर पांढरी बुरशी दिसली तर ती चांगली, धुऊन टाकू नका, थोडी जुनी माती तशीच राहू दे. खत आत्ता नको, झाड सावरल्यावर निंबोळी पेंड अगदी थोडी. कॅन्डल तोडायची घाई पण नको, निशिकी साध्या ब्लॅक पाइनपेक्षा नाजूक असतो, पुढचं पूर्ण वर्ष नुसतं वाढू द्या. एप्रिल-मेमध्ये तुमच्याकडे गच्ची तापते, तेव्हा झाड उन्हातच ठेवा पण कुंडीभोवती ओलं गोणपाट गुंडाळा.

कलमाच्या जागेचा आणि मातीचा जवळून फोटो टाका, पिवळ्या सुया आतल्या की शेंड्याच्या तेही कळवा, मग कुंडी बदलताना मुळं किती कापायची ते सांगतो.