बर्फाखाली गाळ बसतो कसा? चंद्रपूरजवळ बघता येईल

तुमचा प्रश्न असा, की वेग मंदावला की नदी गाळ टाकते हे समजतं. पण शेकडो मीटर जाडीच्या बर्फाखाली, जिथे बोट घालायला जागा नाही, तिथे गाळ बसतो कसा?

आधी नदी डोक्यातून काढा. हिमनदीच्या तळाचा बर्फ पुष्कळदा वितळण्याच्या बेतात असतो. वरून दाब, खालून जमिनीची ऊब, शिवाय घर्षण. वर्षाला काही मिलिमीटर वितळला तरी पुरे. त्यात रुतलेला दगड हळूहळू खाली येतो, खडकाला टेकतो आणि घासत पुढे जातो. बर्फाची ओढ जास्त आहे तोवर तो चालतो. घर्षण वरचढ झालं की अडकतो आणि बर्फ त्याच्या अंगावरून निघून जातो. मग त्याला दुसरे अडतात, दगडांचं झालेलं पीठ फटींत ठासलं जातं. हाच टिल, शाळेच्या पुस्तकातला भू-हिमोढ. नदी गाळ चाळते, हिमनदी चाळत नाही. म्हणून एकाच ढेकळात पिठासारखी माती आणि नारळाएवढा गोटा.

बसलेला थर स्वस्थ राहतोच असं नाही. पश्चिम अंटार्क्टिकातल्या व्हिलन्स हिमप्रवाहाखाली १९८०च्या दशकात, भूकंपलहरींनी मोजणी करताना, काही मीटर जाडीचा पाणी मुरलेला मऊ थर सापडला. वरचा बर्फ त्यावरून वर्षाला शेकडो मीटर सरकतो आणि चिखलालाही थोडा ओढतो. पाणी निचरलं की तो पुन्हा घट्ट.

अंटार्क्टिका लांब आहे, पण चंद्रपूर जिल्ह्यात इरई गावाजवळ पैनगंगेकाठी जाता येईल. तिथे चुनखडकावर समांतर ओरखडे आहेत आणि त्यावर तालचीरचा, म्हणजे इथे हिमनद्या होत्या त्या काळातल्या खडकांचा, गोटेमिश्रित थर. वय साधारण ३० कोटी वर्षं. कॉलेजच्या सहलीत मी तासभर नुसते गोटे उलटत होतो. बरेचसे साधे निघतात. मग एखादा असा हाती येतो, की एक बाजू इस्त्रीच्या तळासारखी सपाट आणि तिच्यावर बारीक रेघा. हा घासत आलेला गडी. (ओरखड्यांवर हातोडा चालवू नका. चालवणारे भेटतात.)

मात्र तालचीरचा प्रत्येक गोटा बर्फाखालीच बसला असं समजू नका. तरंगत्या हिमखंडातून पाण्यात पडलेलेही आहेत. गोट्याखालचे पातळ थर वाकून दबलेले दिसले, तर तो वरून पडलेला.