डिस्चार्जच्या कागदावरचं वजन

तुम्ही लिहिलंय की आजोबा १९४५ ला सिंगापूरच्या जपानी कैदेतून सुटले, डिस्चार्जच्या कागदावर वजन नॉर्मल, पण पायांची आग आणि अधू नजर शेवटपर्यंत राहिली, म्हणून उपासमारीच्या गोष्टी खऱ्या का असा काकांना डाऊट आहे. अहो, ही तर आमच्याच घरची केस.

कागद कुठून काढायचे ते तुम्हाला माहीतच असेल. आमचं घोडं त्या वजनापाशीच अडलं. पेन्शनच्या एका ऑफिसात (नाव घेत नाही) साहेबांनी वडिलांना तोंडावर सांगितलं, वजन बरोबर आहे म्हणजे कुपोषण नव्हतंच, मग क्लेम कसला? वडील खेटे घालून थकले, टेबलं बदलायची, उत्तर तेच. आता सुटकेनंतर हॉस्पिटलात, जहाजावर खाऊपिऊ घातल्यावर केलेलं वजन ते, त्यात काय दिसणार कप्पाळ!

वजन आधी भरतं, आणि उपाशी माणसाच्या अंगात पाणीही साठलेलं असतं, ते काट्यावर मांसासारखंच भरतं. १९४४-४५ ला अमेरिकेत मिनेसोटात ३६ तरुणांना मुद्दाम अर्धपोटी ठेवून मग खायला घातलं, तर चरबी लवकर परत आली, स्नायू मागेच राहिले. नसांचं तर वेगळंच. पॉलिशचा तांदूळ खाऊन बी जीवनसत्त्वं संपली की बेरीबेरी, पायांची आग, नजर मंदावणं, हे सिंगापूरच्या चांगी छावणीतले कैदी डॉक्टर तेव्हाच नोंदवत होते. यातलं सगळं जेवून भरून येत नाही.

"सुटल्यावर जेवून माणसं मेली" हीसुद्धा थाप नाही. जर्मनीतली बेल्सन छावणी १५ एप्रिल १९४५ ला सुटली, त्यानंतरही १३ हजारांवर माणसं गेली. टायफस (उवांमुळे पसरणारा ताप) आणि आधीची उपासमार होतीच, पण सैनिकांनी मायेनं दिलेलं डब्यातलं मटण वगैरे न सोसूनही काही गेले. खंगलेल्या शरीरात एकदम जेवण गेलं की इन्सुलिन वाढतं, रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम पेशींत ओढलं जातं आणि हृदय दगा देऊ शकतं. बंगालच्या दुष्काळात वापरलेलं दूधपावडर-पीठ-साखरेचं मिश्रण तिथे दिलं, तर ते इतकं गोड की कित्येकांच्या घशाखाली उतरेना.

मी डॉक्टर नाही, वकीलही नाही. पण माझं ऐकाल तर वजनावर वाद घालत बसू नका, नंतरच्या वर्षांतली डोळ्यांची, पायांची जुनी प्रिस्क्रिप्शनं शोधा.

अजून एक, आजोबांच्या कमरेवर-पाठीवर खाजरी लाल रेघ यायची आणि तासाभरात पुढे सरकायची का, हे घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. अशी रेघ स्ट्रॉन्जिलॉइड्स नावाच्या जंताची असू शकते, आणि हा जंत जपान्यांच्या कैदेतून सुटलेल्यांत अनेक दशकं टिकून राहिलेला सापडलाय. आमच्याकडे गजकर्ण समजून वर्षानुवर्षं मलमच चोळत होते.