'सामाजिक दायित्व' की 'जबाबदार कंपनी'? आणि 'समर्थन' नेमकं कशाचं?

प्रश्न ऐरोलीच्या एका विद्यार्थिनीचा आहे. ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या ग्राहकांसाठी ती मराठी प्रश्नावली तयार करते आहे. तिचं इंग्रजीवरून केलेलं विधान असं : 'मानवाधिकारांविषयी सकारात्मक दृष्टिकोन असणाऱ्या व्यक्ती सामाजिक उत्तरदायित्व असणाऱ्या कंपन्यांना समर्थन देतात.' यातले शब्द बरोबर आहेत का?

व्याकरण बरोबर आहे. शब्दांबद्दल मात्र तीन ठिकाणी अडतं.

'मानवाधिकार' हे हिंदीचं वळण. आपल्याकडे 'मानवी हक्क'. 'महाराष्ट्र राज्य मानवी हक्क आयोग' या नावातही तेच आहे. संविधानाच्या मराठी प्रतीत 'मूलभूत हक्क' आहेत, हिंदी प्रतीत 'मूल अधिकार'. मराठीत 'अधिकार' म्हटलं की खुर्ची आणि सही डोळ्यांपुढे येते. हक्क मागता येतो, बजावता येतो, डावलला जातो. रजा हक्काची असते, घर हक्काचं असतं. नवी मुंबईच्या गावठाणांत संपादित जमिनीच्या बदल्यात मिळणारा साडेबारा टक्के भूखंडही 'हक्काचा'च, कुणी 'अधिकाराचा' म्हणत नाही. (माहितीचा अधिकार रूढ झालाय, तो राहू द्या.)

दुसरं, 'समर्थन'. मराठीत समर्थन मताचं किंवा कृतीचं होतं : 'त्याने आपल्या वागण्याचं समर्थन केलं.' कंपनीला समर्थन देणं म्हणजे तिची बाजू घेऊन भांडणं, असा अर्थ निघतो. 'पाठिंबा' घातला तर मोर्चा नाहीतर उमेदवार आठवतो. ग्राहक माल घेतो, जास्त पैसे मोजतो, दुसऱ्याला सुचवतो किंवा घ्यायचं सोडतो. म्हणून क्रियापदच बदला : 'शंभर रुपयांच्या वस्तूला दहा रुपये जास्त पडले, तरी मी अशा कंपनीची वस्तू घेईन.'

खरी गोम तिसऱ्या ठिकाणी आहे. 'सामाजिक दायित्व', 'उत्तरदायित्व', 'बांधिलकी' हे शब्द पाट्यांवर एकाच अर्थाने येतात : शाळेचे बाक, पाण्याची टाकी, रुग्णवाहिका, आणि खाली कंपनीचं नाव. यामागे कंपनी कायदा, २०१३ मधलं कलम १३५ आहे. नक्त मूल्य (देणी वजा जाता उरणारी मालमत्ता) ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी, यांपैकी एक मर्यादा गाठलेल्या कंपनीला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम अशा कामांवर खर्चावी लागते. २०२१ च्या सुधारित नियमांनुसार स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याची कामं त्यात धरता येत नाहीत. म्हणजे महाप्याच्या कारखान्यातल्या कामगाराला जादा तासांचे दुप्पट दराने पैसे वेळेवर मिळाले, तर ते या हिशेबात कुठेच येत नाही. मानवी हक्कांचा प्रश्न मात्र नेमका तिथेच असतो : कंत्राटी कामगाराच्या पीएफमध्ये, बाईच्या समान वेतनात, रसायनाच्या टाकीत उतरणाऱ्याच्या सुरक्षेत.

म्हणून प्रश्नावलीत 'सामाजिक दायित्व' लिहिलंत, तर उत्तर देणारा देणगीचा विचार करून खूण करणार. ज्याला हक्कांची चाड आहे तो कदाचित याच देणगीकडे संशयाने बघेल आणि 'पटत नाही' लिहील. तुम्ही मात्र नोंद कराल की त्याला जबाबदार कंपन्यांशी देणंघेणं नाही. निष्कर्ष उलटा निघेल, आणि दोष एका शब्दाचा असेल. त्याऐवजी 'जबाबदार कंपनी' घ्या आणि वागणूक उघड सांगा : 'जी कंपनी कंत्राटी कामगारांनाही ठरलेला पगार वेळेवर देते.' देणगीचं विधान वेगळं. दोन्ही 'आणि'ने जोडू नका. एक पटलं आणि दुसरं नाही, तर माणसाने खूण कुठे करायची?

हक्कांबद्दलच्या मतांची विधानंही अशीच ठोस हवीत. 'मानवी हक्क महत्त्वाचे आहेत' याला नाही कोण म्हणेल? 'माल वेळेत जाणार असेल, तर कामगारांना आठवडी सुट्टी नाही मिळाली तरी चालेल' याला मात्र माणसं वेगवेगळी उत्तरं देतात. विधानात दोन नकार नकोत. 'करू नये असं मला वाटत नाही' वाचून चांगला वाचकही उलटी खूण करतो. पर्यायांत 'सहमत/असहमत'पेक्षा 'अगदी पटतं, पटतं, धड पटत नाही धड खटकत नाही, पटत नाही, अजिबात पटत नाही' हे बोलण्यातलं. 'सांगता येत नाही' हा पर्याय वेगळा ठेवा, मधल्या रकान्यात कोंबू नका. छापण्याआधी आठ-दहा जणांना मोठ्याने वाचायला लावा; अडखळतात तिथे शब्द बदला.

एक जाता जाता. 'जबाबदारी'त अरबी जवाब आहे आणि 'उत्तरदायित्वा'त उत्तर. दोन्हींत कुणाला तरी जाब द्यायचा आहे. 'दायित्व' ताळेबंदात येतं तेव्हा त्याचा अर्थ देणं. आणि त्यातला 'यि' ऱ्हस्वच, कारण मूळ शब्द 'दायिन्'. 'दायीत्व' लिहिलेल्या पाट्या चुकीच्या आहेत.