जर्मनीतला कंत्राटदार आणि चिंचवडची कंपनी

प्रश्न : चिंचवडमध्ये माझी नऊ जणांची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. आम्ही मशीन शॉपसाठी उत्पादन-नियोजनाचे सॉफ्टवेअर तयार करतो. दोन वर्षांपूर्वी स्टुटगार्ट येथे राहणारा एक जर्मन प्रोग्रॅमर आम्ही दरमहा ३,२०० युरो ठरवून कामाला घेतला. लेखी करार झाला नाही, सगळे ई-मेलवर ठरले. तो पूर्ण वेळ आमचेच काम करतो, रोजच्या मीटिंगला हजर असतो, रजा आमच्याकडून मंजूर करून घेतो आणि लॅपटॉपही आम्हीच दिलेला आहे. पहिल्या पाच महिन्यांचे पैसे जर्मनीत राहणाऱ्या माझ्या मेहुण्याने स्वतःच्या खात्यातून दिले. तेवढे रुपये मी कंपनीच्या खात्यातून मेहुण्याच्या पुण्यातील फ्लॅटच्या कर्जखात्यात भरले. त्यानंतरची देयके ‘करपात्र नाही’ असे नमूद करून बँकेमार्फत पाठवली. आता आमचे नवे सीए सांगतात की करकपात करायला हवी होती. प्रोग्रॅमर ठरलेली पूर्ण रक्कम मागतो. त्यातच तिथल्या पेन्शन विमा संस्थेची एक प्रश्नावली आली आहे, ज्यात तो नोकर आहे की स्वतंत्र व्यावसायिक, असे विचारले आहे. मी काय करावे?

उत्तर : आपल्याला सर्वाधिक काळजी करकपातीची वाटत असल्याचे पत्रावरून दिसते. माझ्या मते क्रम वेगळा हवा. आधी प्रश्नावली, मग मेहुण्यामार्फत झालेला व्यवहार आणि त्यानंतर कर. प्रश्नावलीच्या उत्तरावर जर्मनीतील दायित्व तर अवलंबून आहेच, पण भारतातील कराचे स्वरूपही बऱ्याच अंशी त्यावरच ठरणार आहे.

जर्मनीत एखादी व्यक्ती नोकर आहे की स्वतंत्र व्यावसायिक, हे दोघांनी कागदावर काय लिहिले यावरून ठरत नाही, काम प्रत्यक्षात कसे चालते यावरून ठरते. तेथील सामाजिक संहितेच्या चौथ्या भागातील कलम ७ मध्ये दोन मुख्य खुणा दिल्या आहेत : सूचनेप्रमाणे काम करणे आणि काम देणाऱ्याच्या कार्यव्यवस्थेत सामावलेले असणे. स्वतःची गुंतवणूक, तोट्याची जोखीम, इतर ग्राहक, कामाची वेळ आणि पद्धत ठरवण्याची मुभा या गोष्टी स्वतंत्र व्यवसायाच्या बाजूने मोजल्या जातात. २०२२ साली तेथील संघीय सामाजिक न्यायालयाने, स्टुटगार्टपासून जवळच असलेल्या हेरेनबर्गच्या नगरपालिकेच्या संगीत शाळेत मानधनावर पियानो शिकवणाऱ्या शिक्षिकेला नोकर ठरवले. शाळेची खोली, शाळेचे वेळापत्रक आणि स्वतःची व्यावसायिक जोखीम जवळपास शून्य, हे त्यातले निर्णायक मुद्दे होते. भारतीय वाचकाला हे परके वाटू नये. ध्रांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही मिठागरातील आगरियांना, ते स्वतःची माणसे लावून काम करत असतानाही, कामगारच मानले होते.

आपण दिलेली माहिती या कसोट्यांना लावली, तर आपला प्रोग्रॅमर नोकर ठरण्याची शक्यता मला अधिक वाटते. रजेची मंजुरी आणि एकच ग्राहक या दोन गोष्टी विशेष अडचणीच्या आहेत. तसे ठरले तर पेन्शन, आरोग्य, बेरोजगारी आणि शुश्रूषा विम्याची वर्गणी मागील काळापासून भरावी लागते. मालक आणि नोकर या दोघांचा हिस्सा मिळून ती एकूण वेतनाच्या सुमारे ४० टक्के होते, आणि त्यात एकट्या पेन्शन विम्याचेच १८.६ टक्के असतात. ३,२०० युरोंवर महिन्याला अंदाजे १,२८० युरो धरले, तर दोन वर्षांचा आकडा तीस हजार युरोंच्या घरात जातो. थकबाकीवर दरमहा १ टक्का विलंब आकारही लागतो. नोकराचा हिस्सा नंतर त्याच्याकडून वसूल करू, अशी आशा ठेवू नये, कारण न कापलेली वर्गणी मालकाला सर्वसाधारणपणे पुढच्या तीन वेतनांतूनच कापून घेता येते. जुनी वर्गणी सामान्यतः चार वर्षांनी कालबाह्य होते, पण ती जाणूनबुजून टाळल्याचे दिसले तर ही मुदत तीस वर्षांची होते. शिवाय मालकाने नोकराच्या हिश्श्याची वर्गणी हेतुपुरस्सर दडवणे हा तेथील दंड संहितेनुसार गुन्हा आहे.

भारत आणि जर्मनी यांच्यातील सामाजिक सुरक्षा करार २०१७ पासून अंमलात आहे आणि तो आपल्याला तारेल, असे कोणी सुचवले असल्यास त्यावर विसंबू नये. आपल्या कंपनीने भारतातून तात्पुरता पाठवलेला कर्मचारी असता तर त्या कराराचा उपयोग झाला असता. स्टुटगार्टमध्येच राहणाऱ्या आणि तिथेच काम करणाऱ्या माणसाला मात्र जर्मन वर्गणीच लागू होते, मग मालकाचे कार्यालय जर्मनीत असो वा नसो.

म्हणून प्रश्नावली स्वतः भरू नये. जर्मन श्रम आणि सामाजिक सुरक्षा कायद्यातील वकिलाकडून, पत्रात दिलेल्या मुदतीत, उत्तर पाठवावे. मुदत अपुरी पडत असेल तर ती संपण्यापूर्वीच वाढवून मागावी. प्रोग्रॅमरनेही स्वतःचे उत्तर दिलेले असणार आणि दोन्ही उत्तरे शेजारी ठेवून वाचली जाणार, हे ध्यानात असू द्यावे. जुने ई-मेल पुसणे, मागील तारखेचा करार तयार करणे किंवा अचानक त्याला ‘सल्लागार’ म्हणत पत्रे पाठवणे यांपैकी काहीही करू नये. आज जे नुकसान पैशांत मोजता येते, ते अशा कृतीने फौजदारी स्वरूपाचे होऊ शकते.

आता मेहुण्यामार्फत झालेला व्यवहार. सद्हेतूने केलेली ही व्यवस्था अनेक घरांत चालते, हे मला माहीत आहे, पण परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९, म्हणजे फेमा, हेतूपेक्षा मार्ग पाहतो. त्या कायद्याच्या कलम ३ नुसार भारताबाहेरील रहिवाशाला, किंवा त्याच्या नावे जमा होईल अशा रीतीने, परवानगीशिवाय कोणत्याही प्रकारे रक्कम देता येत नाही. मेहुणे अनिवासी असल्याने त्यांच्या कर्जखात्यात कंपनीने भरलेले रुपये नेमके या मनाईत बसतात. तिकडे युरो दिले गेले, इकडे रुपये फेडले गेले आणि मधे अधिकृत बँक कुठेच आली नाही. रक्कम १६,००० युरोंच्या बरोबरीची आहे. कलम १३ नुसार दंड गुंतलेल्या रकमेच्या तीनपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि कलम ४२ मुळे कारभार पाहणारे संचालकही जबाबदार धरले जाऊ शकतात.

त्यातला दिलासा असा की हे उल्लंघन दिवाणी स्वरूपाचे आहे आणि कलम १५ नुसार ते रिझर्व्ह बँकेकडे तडजोडीने, म्हणजे कंपाउंडिंगने, मिटवता येते. २०२४ च्या नव्या कंपाउंडिंग नियमांनुसार अर्जाचे शुल्क १०,००० रुपये असून त्यावर जीएसटी लागतो आणि अर्जाचा निकाल १८० दिवसांत द्यावा लागतो. तडजोडीची रक्कम सर्वसाधारणपणे कमाल दंडापेक्षा बरीच कमी ठरते. परंतु अर्ज स्वतःहून, कोणतीही नोटीस येण्यापूर्वी करण्यात खरा फायदा आहे. अर्जासोबत पाचही महिन्यांची बिले, मेहुण्यांच्या जर्मन खात्याचे उतारे आणि कर्जखात्याचा उतारा लागेल. मेहुण्यांनाही स्वतंत्र सल्ला घेऊ द्यावा, कारण त्यांचे हित आणि आपल्या कंपनीचे हित प्रत्येक मुद्द्यावर एकच असेल असे नाही. कंपनीच्या हिशेबात ती रक्कम कोणत्या नावाखाली दाखवली आहे, हे सीएंकडून आधीच तपासून घ्यावे.

करकपातीबाबत आपले सीए मूलतः योग्य सांगत आहेत, पण दर त्यांनी पुन्हा तपासावा. माणूस परदेशात बसून काम करतो म्हणून भारतात कर लागत नाही, हा समज सर्रास आढळतो आणि तो चुकीचा आहे. तांत्रिक सेवेचे शुल्क भारतीय कंपनी देत असेल, तर सेवा भारताबाहेर दिली तरी ते उत्पन्न भारतात उद्भवले असे मानले जाते, आणि ही तरतूद २०१० साली १९७६ पासूनच्या पूर्वलक्षी प्रभावाने अधिक स्पष्ट करण्यात आली. भारताबाहेरील व्यवसायासाठी घेतलेल्या सेवांना एक अपवाद आहे, मात्र तो न्यायालयांनी अरुंद ठेवला आहे आणि चिंचवडमधून चालणाऱ्या व्यवसायाला तो लाभणे कठीण आहे. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यातील कलम १९५ खाली ही कपात होते. १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा प्राप्तिकर कायदा अंमलात आल्याने त्यानंतरच्या देयकांसाठी कलमांचे आणि नमुन्यांचे क्रमांक वेगळे आहेत.

देशी कायद्यानुसार दर २० टक्के आहे आणि उपकर धरून तो २०.८ टक्के होतो. भारत आणि जर्मनी यांच्यातील दुहेरी कर टाळण्याच्या करारात मात्र तांत्रिक सेवाशुल्कावरील कमाल दर १० टक्के आहे. तो मिळण्यासाठी प्रोग्रॅमरने तेथील कर कार्यालयाकडून रहिवासी असल्याचा दाखला आणावा आणि सवलतीसाठीचे माहितीपत्रक, म्हणजे जुन्या कायद्यातला नमुना १०एफ, भरावे. स्वतंत्र व्यावसायिकाची भारतात कामाची कायमची जागा नसेल आणि तो इथे फारसा राहिलाही नसेल, तर त्याचे उत्पन्न फक्त जर्मनीतच करपात्र ठरवणारे वेगळे कलमही त्या करारात आहे. ते कलम वरचढ की तांत्रिक सेवेचे, यावर वाद होत आले आहेत. मी पक्षकाराला जोखीम न घेता १० टक्के कापून भरण्याचाच सल्ला देते. ठरलेले ३,२०० युरो पूर्ण हातात द्यायचे असतील, तर कर कंपनीवर पडतो आणि एकूण रक्कम सुमारे ३,५५६ युरो धरावी लागते. अन्यथा त्याला कपातीचे प्रमाणपत्र द्यावे, ज्याच्या आधारे त्याला जर्मनीत सवलत मागता येते. ही गोष्ट त्याला शांतपणे समजावून दिली तर बहुतेक वेळा विरोध मावळतो.

मागील देयकांवर न केलेल्या कपातीसाठी दरमहा १ टक्का व्याज लागते, आणि करपात्र रकमेवर कपात न केल्यास तो खर्च नफ्यातून वजा करू दिला जात नाही. ‘करपात्र नाही’ अशी चुकीची माहिती नमुना १५सीएमध्ये, म्हणजे परदेशी पैसे पाठवताना भरायच्या निवेदनात, दिल्यास १ लाख रुपयांपर्यंतचा दंड वेगळा होऊ शकतो.

इथेच प्रश्नावलीचा संबंध पुन्हा येतो. तो नोकर ठरला, तर त्याला मिळणारी रक्कम तांत्रिक सेवाशुल्क राहत नाही, वेतन ठरते. अनिवासी माणसाने पूर्णपणे परदेशात केलेल्या कामाचे वेतन भारतात करपात्र नसते. तेव्हा इथली करकपात गळून पडते, जर्मन वर्गणी मात्र उभी राहते. दोन देशांच्या अधिकाऱ्यांपुढे एकाच माणसाची दोन विसंगत वर्णने ठेवणे मात्र मुळीच परवडणारे नाही, त्यामुळे जर्मन वकील आणि आपले सीए यांनी एकमेकांशी बोलल्याशिवाय कोणताही अर्ज पाठवू नये.

जीएसटीचा मुद्दा आपल्या पत्रात नाही, पण तो आहे. परदेशातून घेतलेल्या सेवेवर रिव्हर्स चार्जने १८ टक्के कर आपल्याच कंपनीने, तोही रोख खात्यातून, भरायचा असतो. दोन वर्षांचा कर आता स्वतःच्या नावे बिल काढून भरल्यास त्याचे क्रेडिट, म्हणजे कंपनीच्या इतर जीएसटीतून वजावट, मिळू शकते, कारण जून २०२४ च्या परिपत्रकानुसार अशा प्रकरणात क्रेडिट घेण्याची मुदत बिल काढल्याच्या आर्थिक वर्षापासून मोजली जाते. विलंबाचे व्याज मात्र सुटत नाही. नोकर आणि मालक यांच्यातील सेवेवर जीएसटी नसल्याने हाही निर्णय प्रश्नावलीच्या निकालाशी बांधलेला आहे.

पुढची व्यवस्था दोनच प्रकारे स्वच्छ होऊ शकते. एकतर त्याला खरोखर स्वतंत्र होऊ द्यावे, म्हणजे कामनिहाय मोबदला ठरवावा, वेळेचे बंधन आणि रजेची मंजुरी बंद करावी, साधने त्याची स्वतःची असू द्यावीत आणि इतर ग्राहक घेण्यास त्याला मोकळीक द्यावी. नाहीतर त्याला नोकर मानून जर्मनीत मालक म्हणून नोंदणी करावी. तिसऱ्या कंपनीच्या पगारपत्रकावर त्याला दाखवण्याचा पर्यायही सुचवला जातो, परंतु जर्मनीत मनुष्यबळ पुरवण्यास परवाना लागतो आणि एकाच ठिकाणी सामान्यतः १८ महिन्यांची मर्यादा असते, तेव्हा जाहिरातीवर जाऊन सही करू नये. कोणताही पर्याय निवडला तरी त्याला आपल्या ग्राहकांशी करार करण्याचे अधिकार देऊ नयेत, अन्यथा कंपनीची जर्मनीत कायम आस्थापना, म्हणजे तिथे कर लागू होईल असे व्यवसायाचे ठिकाण, असल्याचा दावा उभा राहू शकतो. पुढे नवा माणूस घेताना तो नोकर की स्वतंत्र, हा दर्जा ठरवून मागण्याचा अर्ज त्याच पेन्शन विमा संस्थेकडे काम सुरू झाल्यापासून एका महिन्याच्या आत करावा. त्या मुदतीत केल्यास, काही अटींवर, वर्गणी निर्णयाच्या दिवसापासून सुरू होते.

शेवटी एक गोष्ट, जी मी आपल्या जागी असते तर याच आठवड्यात केली असती. प्रोग्रॅमरने लिहिलेल्या कोडची मालकी आज आपल्या कंपनीकडे आहे, असे खात्रीने म्हणता येत नाही. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात मालकाला पहिली मालकी मिळते ती नोकरीच्या करारातून, आणि स्वतंत्र कंत्राटदाराकडून ती लेखी हस्तांतरणानेच घ्यावी लागते. त्या लेखात मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत, असे मानले जाते. जर्मन कायद्यात तर लेखकाचा कॉपीराइट हस्तांतरितच होत नाही, फक्त वापराचे अधिकार देता येतात. म्हणून जगभरासाठी, कायमचे आणि अनन्य वापराचे अधिकार, मागील दोन वर्षांच्या कामासह, स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावेत. वाद पुण्याच्या न्यायालयातच चालेल असे कलम घालून निश्चिंत होऊ नये, कारण तो नोकर ठरल्यास जर्मन संरक्षण त्याच्याकडून करारानेही काढून घेता येत नाही, आणि भारतीय न्यायालयाचा निवाडा जर्मनीत आपोआप अंमलात येत नाही. स्वतंत्र कंत्राटदाराच्या करारात लवादाचे कलम अधिक उपयोगी ठरते, कारण परदेशी लवादाचे निवाडे मान्य करणाऱ्या न्यूयॉर्क करारात दोन्ही देश आहेत. अधिकारांच्या या कागदावर त्याची सही करकपातीची चर्चा सुरू होण्यापूर्वी घ्यावी. पैशांवरून मने दुरावल्यानंतर तीच सही मिळवायला वकिलाची नोटीस लागते आणि तीही पुरेशी पडेलच असे नाही.