पिकअपसाठी ऑल-टेरेन टायर घेताना

तुमची हायलक्स (टोयोटाची पिकअप) महिन्यातून किती दिवस खरोखर डांबर सोडून धावते, याचा प्रामाणिक हिशेब आधी मांडावा. कारण ऑल-टेरेन टायर खडी, मुरूम आणि शेतरस्त्यावर उत्तम पकड देत असला, तरी महामार्गावर तो आवाज करतो आणि डिझेलही थोडे अधिक खातो. चिकट काळ्या मातीत तर त्याच्याही खाचा लिंपून जातात आणि चाक जागीच फिरत राहते, तेथे चमत्काराची अपेक्षा नको.

मूळ माप २६५/६० आर १८ (रुंदी मिलिमीटरमध्ये, बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि रिमचा व्यास इंचांत) असताना रुबाबासाठी २६५/६५ बसवल्यास व्यास सुमारे २६ मिलिमीटरने वाढतो, स्पीडोमीटर पूर्वीपेक्षा कमी वेग दाखवतो आणि स्टेअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतून घासण्याची शक्यता असते. म्हणून पहिला संच मूळ मापाचाच घ्यावा. भारांक, म्हणजे टायर किती वजन पेलू शकतो ते सांगणारा आकडा, मूळ टायरपेक्षा कमी नसावा. ११० म्हणजे एका टायरला १०६० किलो.

मी स्वतः नक्षीवर भुललो आणि बाजूवरचे चार आकडे घरी येऊन वाचले: २३१९, म्हणजे टायर बनला तो २०१९ चा तेविसावा आठवडा. टायर तीन वर्षे गोदामात पडून होते! हे आकडे दुकानातच, टायर रिमवर चढण्यापूर्वी, वाकून वाचावेत, स्टेपनीचेसुद्धा.