बॅटरी डिकीत नेताना

प्रश्न : माझी जुनी दोन सीटची गाडी आहे. इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना. बॅटरी बॉनेटखाली अगदी नाकाशी बसते. ती डिकीत नेली तर चोर्ला घाटातल्या वळणांवर फरक पडेल का? हिशेब कसा करायचा?
– एक वाचक, फोंडा

उत्तर : हिशेब सोपा आहे. बॅटरीचे वजन गुणिले ती किती मीटर मागे सरकली, भागिले व्हीलबेस (पुढच्या-मागच्या ॲक्सलमधले अंतर). जो आकडा येतो तेवढे किलो पुढच्या ॲक्सलवरून उतरून मागच्या ॲक्सलवर जातात. गाडी ९५० किलोची, व्हीलबेस २.३ मीटर आणि बॅटरी १४ किलोची धरू. पुढच्या ॲक्सलच्या २० सेंटिमीटर पुढे असलेली बॅटरी मागच्या ॲक्सलच्या १० सेंटिमीटर अलीकडे आणली, म्हणजे २.४ मीटर मागे गेली. मागे गेलेले वजन साधारण १४.६ किलो, गाडीच्या दीड टक्का. पुढे ५४ टक्के भार होता तो साडेबावन्नवर येतो. वळणात शिरताना नाक थोडे हलके वाटेल, पण एवढ्याने गाडीचा स्वभाव बदलत नाही. टायरमधल्या हवेच्या दोन पीएसआयनेही जवळपास तेवढाच फरक जाणवतो.

या कामाने गाडीचे एकूण वजन वाढते, हेही लक्षात घ्या. ५० स्क्वेअर एमएमची पाच मीटर तांब्याची केबल पावणेतीन किलोच्या आसपास भरते. पेटी, पट्ट्या आणि बोल्ट मिळून आणखी दोन किलो. म्हणून आमचा सल्ला असा, की आधी बॅटरीच हलकी करून पाहा. चार किलोची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी मूळ जागीच बसवली तर पुढच्या ॲक्सलवरचे जवळजवळ ११ किलो उतरतात आणि केबल ओढावी लागत नाही. अट दोन गोष्टींची : अल्टरनेटरचे व्होल्टेज १४.६ च्या वर जाता कामा नये, आणि एक्झॉस्टची धग बॅटरीला लागता कामा नये. ६० अंशांच्या पुढे हे सेल लवकर खराब होतात.

तरीही मागेच न्यायची असेल तर जागा नीट निवडा. चालक उजवीकडे बसतो, म्हणून बॅटरी डावीकडे, शक्य तितकी खाली आणि ॲक्सलच्या अलीकडे ठेवा. बंपरपाशी ठेवली तर कागदावर टक्केवारी आणखी चांगली दिसेल, पण टोकाला लटकलेले वजन गाडीला वळायलाही वेळ लावते आणि वळलेली थांबायलाही.

डिकीत साधी पाण्याची बॅटरी नको. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते, आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की एक ठिणगी पुरते. सीलबंद एजीएम (आम्ल काचतंतूंच्या गादीत मुरवलेली, न सांडणारी बॅटरी) घ्या. झाकणाची पेटी आणि गॅस बाहेर नेणारी नळी तिलाही हवी. नळीचे टोक डिकीच्या तळातून रस्त्याकडे काढा.

केबल केबिनच्या आतून, डाव्या दाराच्या उंबऱ्यालगत, कार्पेटखालून न्या. पेट्रोलची लाइन ज्या बाजूने जाते ती बाजू टाळा. गाडीच्या पोटाखालून नेलीत तर पावसाळाभर लाल चिखल आणि खडी तिच्यावर आपटत राहील. दर ३० सेंटिमीटरवर रबर लावलेली क्लिप मारा. इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातून केबल जाते तिथे छिद्राची कड घासा, प्रायमर मारा आणि मगच रबरी ग्रोमेट (छिद्राच्या कडेला बसणारे कडे) बसवा. ग्रोमेट न लावलेली केबल थरथरून थरथरून एक दिवस पत्र्याला टेकते, आणि मध्ये फ्यूज नसेल तर बॅटरीचा पूर्ण करंट त्या एका बिंदूतून वाहतो. म्हणून २०० ते २५० अँपिअरचा मेगा फ्यूज बॅटरीपासून २० सेंटिमीटरच्या आतच लावा. फ्यूज बॉनेटखाली लावला तर बॅटरीपासून तिथवरची सगळी केबल संरक्षणाविनाच राहते.

प्रश्न : माझी सॅन स्टॉर्म आहे, गोव्यातच बांधलेली. बॉडी फायबरची. मागे बॅटरी ठेवली तर अर्थ (निगेटिव्हची जोडणी) कुठे द्यायचा?
– एक वाचक, मडगाव

उत्तर : फायबरमधून करंट जात नाही. त्यामुळे पॉझिटिव्ह केबलच्या बरोबरीने तेवढ्याच जाडीची निगेटिव्ह केबल थेट इंजिन ब्लॉकपर्यंत न्यावी लागेल. म्हणजे केबलचे वजन दुप्पट. शिवाय ही गाडी पुढच्या चाकांनी ओढते. पुढचे वजन काढले की ओल्या चढावर चाके लवकर घसरतील. या गाडीत बॅटरी हलवू नये, असेच आम्हांला वाटते.

प्रश्न : गेल्या वर्षी माझ्या इस्टीमची बॅटरी डिकीत नेली. उन्हाळ्यात ठीक होते. यंदाच्या पावसात सेल्फ जड फिरतो आणि परवा क्लच केबल चटका बसेल इतकी तापली. बॅटरी नवी आहे. दोष कुठे?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर : क्लच केबल तापली, यातच उत्तर आहे. सेल्फचा शे-दीडशे अँपिअर करंट इंजिनातून बॅटरीकडे परत जायला वाट शोधतो. मूळ रचनेत जाड निगेटिव्ह केबल सरळ गिअरबॉक्सवर येते. बॅटरी मागे गेली की ती काढली जाते, डिकीच्या पत्र्याला अर्थ दिला जातो, आणि इंजिन ते बॉडी जाणारी, बोटाएवढीसुद्धा जाड नसलेली जुनी पट्टी तशीच राहते. ती गंजली की करंट क्लचच्या आणि ॲक्सिलरेटरच्या तारेतून जातो. गाडी तूर्त चालवू नका. ॲक्सिलरेटरची तार तापून आत चिकटली तर पाय काढूनही इंजिनाचा वेग उतरणार नाही.

मोजून खात्री करा. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढा, मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा आणि कुणाला तरी पाच सेकंद सेल्फ मारायला सांगा. बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत ०.५ व्होल्टपेक्षा जास्त दिसू नये. निगेटिव्ह खुंटीपासून इंजिन ब्लॉकपर्यंत ०.३ पेक्षा जास्त नको. तुमच्याकडे हा दुसरा आकडा एकाच्या वर निघेल असा अंदाज आहे. मग हेच मोजमाप दोन तुकड्यांत करा : खुंटी ते बॉडी, आणि बॉडी ते ब्लॉक. ज्या तुकड्यात व्होल्ट सापडतील तिथेच दोष.

इंजिन ते बॉडी नवी ३५ किंवा ५० स्क्वेअर एमएमची केबल टाका, इंजिन हलते म्हणून थोडी सैल. मागचा अर्थ बोल्ट उघडून वॉशरखाली पाहा. रंग किंवा अंडरकोट दिसला तर एक रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठी जागा चकचकीत होईपर्यंत घासा, बोल्ट आवळा, आणि मगच वरून ग्रीस व रंग लावा.

लगही (केबलच्या टोकाला दाबून बसवलेले धातूचे कडे) तपासा. स्लीव्ह कापून आत पाहा. तारा हिरव्या असतील तर दहा सेंटिमीटर मागे कापा. तिथेही काळ्या निघाल्या तर केबल बदला. आपल्या खाऱ्या हवेत साध्या वेल्डिंग केबलचे हेच होते : ओल केसासारख्या बारीक तारांमधून आत आत चढत जाते. कथील चढवलेल्या तारांची मरीन केबल घ्या. ट्रॉलरचे सामान ठेवणाऱ्या दुकानात विचारा. स्वस्त केबल घेताना एक तार ब्लेडने खरवडून पाहा. आतून पांढरी निघाली तर ते तांबे चढवलेले ॲल्युमिनियम आहे, परत करा. लग हायड्रॉलिक प्रेसने दाबून घ्या, इलेक्ट्रिक पॅनल बांधणाऱ्या कारखान्यात तो असतो. वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह हवीच.

प्रश्न : ऑटोक्रॉससाठी (मैदानात वेळ लावून होणारी गाड्यांची शर्यत) बॅटरी मागे नेली तर ती कशी आवळायची? कट-ऑफ स्विच लावला, पण तो फिरवल्यावरही इंजिन चालूच राहते.
– एक वाचक, वास्को

उत्तर : एफआयए या जागतिक मोटरस्पोर्ट संस्थेच्या ‘अपेंडिक्स जे’ या नियमावलीत हलवलेल्या बॅटरीसाठी माप दिले आहे : धातूची बैठक, इन्सुलेशन लावलेल्या दोन धातूच्या पट्ट्या, किमान १० मिलिमीटरचे बोल्ट, आणि प्रत्येक बोल्टखाली पत्र्याच्या पलीकडून किमान ३ मिलिमीटर जाड व २० चौरस सेंटिमीटरची प्लेट. रस्त्यावरच्या गाडीलाही हेच माप धरा. बदल विमा कंपनीला लेखी कळवा.

स्विच दोन टोकांचा असेल तर तो फक्त बॅटरी तोडतो. इग्निशनला वीज अल्टरनेटर पुरवत राहतो. सहा टोकांचा मोटरस्पोर्टचा स्विच घ्या. त्यातली जादा दोन टोके इग्निशनसाठी असतात आणि उरलेली दोन ३ ओहमच्या रेझिस्टरमधून अल्टरनेटरची ऊर्जा अर्थमध्ये उतरवण्यासाठी. रेझिस्टर वगळला तर व्होल्टेजच्या झटक्याने अल्टरनेटरचे डायोड किंवा ईसीयू (इंजिनाचा संगणक) जाऊ शकतो. बसवल्यावर इंजिन आयडलवर ठेवून स्विच फिरवा. ते तत्काळ बंद पडले पाहिजे.