मलेरियावर काम करायचं म्हणते, पाठवू का?

ताई, सप्रेम नमस्कार.

बडोद्याच्या दांडिया बाजारातून आलेलं तुमचं पत्र मिळालं. लेक एम. एस. युनिव्हर्सिटीत मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मलेरियाचा परजीवी तांबड्या पेशीत कसा शिरतो, त्यावर संशोधन करायचं म्हणते. तिलाच लागण झाली तर? आणि यात पोट भरेल का? हे तुमचे दोन प्रश्न.

या कामासाठी लॅबमध्ये डास लागत नाहीत. ट्रेगर आणि जेन्सन या शास्त्रज्ञांनी १९७६ साली मलेरियाचा फाल्सिपॅरम हा परजीवी माणसाच्या रक्तपेशींवर सतत वाढवून दाखवला, तेव्हापासून तो कल्चरमध्येच, म्हणजे भांड्यातल्या पोषक द्रावणात, वाढवतात. तो हवेतून पसरत नाही. धोका असतो तो सुई टोचण्याचा किंवा काच लागण्याचा. त्यातून मलेरिया खरंच होतो. तेव्हा हातमोजे घालायलाच हवेत, आणि ताप आला तर डॉक्टरांना कामाचं स्वरूप आधी सांगायचं.

मला काळजी वाटते ती तिच्या चिकाटीची. हा परजीवी साधारण ४८ तासांनी पेशी फोडतो, १६ ते ३२ पिल्लं बाहेर पडतात आणि मिनिट-दोन मिनिटांत नव्या पेशीत शिरतात. ती वेळ साधायची तर सगळे एका वयाचे हवेत. त्यासाठी सॉर्बिटॉल या साखरेसारख्या पदार्थाचं ५ टक्के द्रावण घालतात: मोठे परजीवी असलेल्या पेशी फुटतात, कोवळे तेवढे उरतात. मग ताज्या पेशी द्यायच्या. त्यांतल्या काहींच्या पृष्ठभागावरचं सायलिक आम्ल (साखरेसारखा एक रेणू) एन्झाइमने आधीच काढलेलं असतं. त्या पेशींत शिरकाव घटला, तर आत शिरायच्या त्या वाटेला सायलिक आम्ल लागतं हे कळतं. दुसऱ्या दिवशी गिम्सा हा परजीवी उठून दिसण्यासाठीचा रंग दिलेल्या स्लाइडवर हजारो पेशी मोजायच्या. २०११ मध्ये याच तऱ्हेच्या प्रयोगांनी दाखवलं की शिरकावासाठी बासिजिन हे पेशीवरचं प्रथिन लागतं. अँटिबॉडीने ते झाकलं की शिरकाव थांबतो. त्याला चिकटणाऱ्या आरएच५ या परजीवीच्या प्रथिनावर आता लस बेतली जाते आहे. हे वाचून मला आजही भरून येतं.

पण कल्चर नवरात्रात थांबत नाही. गरबा अर्धवट सोडून लॅबला जावं लागेल, हे तिला आताच सांगा.

पैशाचं म्हणाल तर एम.एस्सी.साठी गॅट-बी ही प्रवेश परीक्षा, मग नेट. जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं. पीएच.डी.ला पाच-सहा वर्षं धरा. दिल्लीत आयसीजीईबी हे जैवतंत्रज्ञानाचं आंतरराष्ट्रीय केंद्र आणि राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्था आहेत. कायमच्या जागा थोड्या आहेत, हे लपवत नाही. पण पेशी-कल्चर आणि फ्लो सायटोमेट्री (यंत्राने पेशी मोजण्याचं तंत्र) येणाऱ्याला लस आणि तपासणी-किटच्या कंपन्यांतही काम असतं.

लगेच होकार-नकार देऊ नका. डिपार्टमेंटच्या सरांना विचारून तिला मलेरियाच्या तयार स्लाइड मिळवू द्या. रोज हजार पेशी, पंधरा दिवस. सोळाव्या दिवशी ती आपणहून मायक्रोस्कोपपाशी बसली, तर मला लिहा. उन्हाळ्यातल्या प्रशिक्षणासाठी अर्ज कुठे करायचे, ते मी कळवते.